विश्लेषण : जिलेटिनच्या कांडीने गिट्टी निघते, पण उरलेल्या कांडीचं काय होतं?

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या महामार्गाच्या एका पट्ट्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. १०५ तास ३३ मिनिटांत, एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. या कामाला ३६ हजार ६३४ टन डांबरी मिश्रण लागलं. त्यात डांबर होतं २ हजार ७० टन. बाकी जवळपास सगळी गिट्टी आणि चुरी.

एवढी गिट्टी कुठून येते? वऱ्हाडात याचं उत्तर एकच, काळा पाषाण. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या पट्ट्यात खोलवर गाळाची माती आहे, तिथे खणलं तरी लवकर दगड लागत नाही. म्हणून खदानी आहेत त्या खोऱ्याच्या काठावर, जिथे दख्खनचा बेसाल्ट वर येतो. हा दगड पहारीने निघत नाही. त्याला ड्रिलने भोकं पाडतात, आत स्फोटकं भरतात, आणि मग गावात ओळखीचा तो आवाज येतो.

खदानीबद्दल तक्रारी खूप होतात. धूळ, ओव्हरलोड डंपर, भिंतींना गेलेले तडे. पण ज्या स्फोटकांवर हा सगळा धंदा चालतो, ती बनवताना आणि वापरताना जे उरतं, सांडतं, खराब होतं, त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. प्लास्टिकची बाटली कचऱ्यात टाकली तर ती फक्त पडून राहते, हा कचरा मात्र फुटू शकतो.

आधी ‘जिलेटिन’चा घोळ मिटवू

बातम्यांत नेहमी वाचायला मिळतं, ‘पोलिसांनी जिलेटिनच्या कांड्या जप्त केल्या’. खरं तर ज्याला जिलेटिन म्हणायचे ते नायट्रोग्लिसरीनवर आधारलेलं स्फोटक भारतात एप्रिल २००४ पासून बंद आहे. ते हाताळायला जास्त धोकादायक होतं आणि कामगारांना त्याच्या वासाने सडकून डोकेदुखी व्हायची.

आज खदानीत ज्या कांड्या दिसतात त्या बहुतांशी इमल्शन किंवा स्लरी प्रकारच्या असतात. त्यात मुख्य घटक अमोनियम नायट्रेट, पाणी आणि इंधन म्हणून तेल. दिसायला ग्रीससारखा चिकट लगदा, प्लास्टिकच्या नळीत भरलेला. जुनं नाव मात्र लोकांच्या तोंडून गेलं नाही. वनस्पती तुपाला अजून डालडाच म्हणतात, तसंच हे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उद्योगाने कचरा आणि धोका कमी करण्यासाठी उचललेलं पहिलं मोठं पाऊल हेच होतं. पाणी असलेलं इमल्शन धक्क्याला आणि घर्षणाला जुन्या जिलेटिनपेक्षा बरंच कमी संवेदनशील असतं. त्यामुळे नासलेला माल हाताळणंही तुलनेने सोपं झालं.

हे सगळं बनतं कुठे?

अमरावतीहून नागपूरला जाताना बाजारगाव लागतं. तिथे सोलार इंडस्ट्रीजचा मोठा कारखाना आहे. औद्योगिक स्फोटकं बनवणाऱ्या देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. नागपूरच्या आजूबाजूला असे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणी जवळ आहेत, देशाच्या मध्यावर असल्याने माल कुठेही पाठवता येतो. शिवाय स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही नागपुरातच आहे.

म्हणजे वऱ्हाडाच्या खदानीत फुटणारी कांडी बऱ्याचदा याच हायवेने येते. आणि अकोल्याजवळच्या पारसच्या वीज केंद्रात जळतो तसला कोळसाही खाणीतून सुटतो तो स्फोटकांच्याच जोरावर.

या हायवेची दुसरी आठवणही आहे. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले, त्यात ६ महिला होत्या. स्फोट पॅकिंगच्या विभागात झाला होता. सहा महिन्यांनी, १३ जून २०२४ ला नागपूरजवळच्याच धामणा इथल्या चामुंडी एक्सप्लोजिव्हज कारखान्यात स्फोट झाला. तिथेही मृतांमध्ये पॅकिंग करणाऱ्या बायका आणि मुलीच जास्त होत्या.

या दोन दुर्घटना कचऱ्यामुळे झाल्या असं इथे म्हणायचं नाही. पण पॅकिंगचं टेबल ही अशी जागा आहे जिथे माल सगळ्यात जास्त वेळा माणसाच्या हातातून जातो. वजन कमी भरलं, वेष्टन फाटलं, पावडर सांडली, तर ते वेचून बाजूला ठेवायचं काम तिथेच होतं. म्हणून या उद्योगात ‘कचरा कमी करा’ याचा अर्थ फक्त झाडं लावा, पाणी वाचवा असा होत नाही. खराब निघालेली प्रत्येक वस्तू म्हणजे कोणीतरी ती जास्तीची एकदा हातात धरणार.

कारखान्यात कचरा नेमका कसला निघतो?

पहिला प्रकार म्हणजे नापास माल. इमल्शनची घनता बिघडली, नळीचं सील नीट बसलं नाही, मशीन सुरू करताना आणि बंद करताना निघालेला पहिला-शेवटचा लगदा. साबणाच्या कारखान्यात असा माल परत कढईत जातो. इथे ते नेहमी चालत नाही. लगदा अजून ‘जागा’ झालेला नसेल, म्हणजे त्याला स्फोटक बनवणारा शेवटचा टप्पा झालेला नसेल, तर तो प्रक्रियेत परत घेता येतो. त्यानंतर मात्र तो स्फोटकच आहे आणि त्याला स्फोटकाचे सगळे नियम लागू होतात.

दुसरा प्रकार पाणी. टाक्या, पाइप, फरशी धुतली की पाण्यात अमोनियम नायट्रेट उतरतं. हे पाणी नाल्यात गेलं तर शेतात जास्तीचं खत पडल्यासारखंच होतं, नायट्रेट सरळ जमिनीत मुरतं. बूस्टर बनवणाऱ्या कारखान्यांत टीएनटी वापरतात. ते मिसळलेलं पाणी उन्हात गुलाबी-लाल होतं. जगभर या धंद्यात त्याला ‘गुलाबी पाणी’ असंच नाव आहे. नाव गोड, पण टीएनटी विषारी आहे आणि त्यामुळे रक्ताचे व यकृताचे विकार होतात. हे पाणी सहसा कोळशाच्या फिल्टरमधून गाळतात. मग तो कोळसाच घातक कचरा होतो आणि त्याची विल्हेवाट लावायचं नवं काम उभं राहतं.

तिसरा प्रकार डेटोनेटरचा. खदानीतले लोक त्याला टोपी किंवा कॅप म्हणतात. पेन्सिलपेक्षा बारीक नळी, पण आत शिशाची संयुगं असतात. म्हणजे नापास डेटोनेटर एकाच वेळी फुटणाराही असतो आणि विषारीही.

बाकी मग खोके, प्लास्टिक, चिंध्या, हातमोजे. एरवी हे भंगारवाल्याला गेलं असतं. पण त्यावर स्फोटकाचा अंश असेल तर ते कारखान्याच्या गेटबाहेर जाऊ शकत नाही.

या सगळ्याचं पारंपरिक उत्तर एकच होतं, जाळणं. कारखान्याच्या आवारात, इमारतींपासून लांब, मोकळ्या जागेत थर पसरायचा आणि दुरून पेटवायचा. स्वस्त आणि वर्षानुवर्षांची सवय. पण धुरातून नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत जातात आणि जळून उरलेलं मातीत राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत स्फोटकांचे कारखाने ‘लाल’ गटात, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी गटात आहेत. त्यांच्या कचऱ्याला दोन कायद्यांची चौकट लागते. एकीकडे स्फोटक नियम २००८, दुसरीकडे घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम. कागदावर चौकट पक्की आहे. प्रत्यक्षात काय होऊ शकतं हे पाहायला अमरावतीहून फार लांब जायची गरज नाही.

पुलगावला २०१८ मध्ये काय झालं होतं?

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव इथे लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे, देशातला सगळ्यात मोठा. तिथून जवळच, सोनेगाव आबाजी या गावालगत जुना दारूगोळा नष्ट करण्याचं मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी नष्ट करायला आणलेला माल उतरवताना स्फोट झाला आणि ६ जण मेले. दारूगोळा जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा होता. मेलेल्यांमध्ये आसपासच्या गावांतले रोजंदारी मजूर होते.

हे औद्योगिक नव्हे, लष्करी स्फोटकांचं प्रकरण आहे. पण कचऱ्याची साखळी कशी चालते ते त्यातून उघडं पडलं. माल सरकारी, काम ठेकेदाराकडे, आणि खोके उचलणारा माणूस शेजारच्या गावातला, ज्याला त्या खोक्यात काय आहे याचं प्रशिक्षण नाही. स्फोटानंतर मैदानात उरणारं धातूचं भंगार वेचायलाही गावातली माणसं जात, कारण त्याला भाव येतो. शेतीत काही उरत नाही तेव्हा माणूस असं काम का धरतो, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगायला नको.

त्याआधी ३१ मे २०१६ ला याच डेपोत आग लागून मोठी जीवितहानी झाली होती. जुना, बिघडलेला दारूगोळा साठवून ठेवणं हाही कचऱ्याचाच प्रश्न आहे, फक्त त्याला आपण ‘साठा’ म्हणतो. ऑगस्ट २०२० मध्ये लेबनॉनच्या बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, तेही असंच बेवारस पडलेलं होतं. ती बातमी आल्यावर आपल्याकडे शोधाशोध झाली, तेव्हा चेन्नईजवळ मनालीत जप्त केलेलं सुमारे ७४० टन अमोनियम नायट्रेट पाच वर्षांपासून गोदामात पडून असल्याचं समोर आलं. मग ते घाईघाईने हैदराबादकडे हलवण्यात आलं.

मग कचरा कमी कसा करतात?

सगळ्यात परिणामकारक उपाय ऐकायला साधा आहे. कारखान्यात स्फोटक बनवायचंच नाही.

मोठ्या कोळसा खाणींत आता कांड्यांऐवजी टँकर येतो. टँकरमध्ये असतो तो इमल्शनचा लगदा, जो स्वतः अजून स्फोटक झालेला नसतो. तो भोकात सोडतानाच शेवटचा घटक मिसळतो आणि काही वेळाने भोकाच्या आत तो स्फोटक बनतो. चंद्रपूर-वणीकडच्या खाणींत ही पद्धत रुळली आहे. फायदे मोजा. प्लास्टिकची नळी नाही, खोका नाही, नापास कांडी नाही, मुदत संपलेला साठा नाही. जेवढं लागेल तेवढंच भोकात जातं आणि उरलेला लगदा परत प्लँटवर जातो. रस्त्यावरून धावणारा मालही कमी धोक्याचा.

दुसरा उपाय यंत्रांचा. लगद्याचं तापमान, घनता आणि दाटपणा चालत्या लाइनवर सतत मोजला की बिघाड पहिल्याच मिनिटाला कळतो. पूर्ण घाण नासल्यावर प्रयोगशाळेचा अहवाल यायची वाट पाहायला लागत नाही. पॅकिंगला यंत्रं आली की सांडणं कमी होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टेबलाभोवती बसणाऱ्या बायकांची संख्या कमी होते. याची दुसरी बाजूही आहे. गावातल्या ज्या मुलीला हाच एक पगार मिळतो, तिचं काम यंत्र घेणार. हा प्रश्न कंपन्यांच्या पर्यावरण अहवालात शोधून सापडत नाही.

पाण्यासाठी आधी कोरडी सफाई, म्हणजे खरवडून, पुसून घ्यायचं आणि मगच धुवायचं. धुतलेलं पाणी साठवून पुढच्या घाणीत परत वापरायचं. इमल्शनमध्ये तसंही पाणी लागतंच आणि धुतलेल्या पाण्यात नायट्रेट असतंच, त्यामुळे दोन्ही वाया जात नाही. जाळण्याऐवजी धूर गाळणारी बंद भट्टी किंवा रसायनांनी निष्प्रभ करणं, हे पर्यायही आहेत, पण महाग.

तेलाचंही बघा. इंधन म्हणून लागणाऱ्या डिझेलचा काही भाग डंपरच्या इंजिनातून काढलेल्या जुन्या ऑइलने भागवता येतो आणि काही देशांतल्या खाणी ते करतात. गाळून, तपासून, कारण जुन्या ऑइलमध्ये धातूचे कण असतात. अमेरिकेसारख्या देशात जुन्या तोफगोळ्यांतून काढलेलं टीएनटी खाणींच्या बूस्टरमध्ये वापरलं गेलं आहे. ऐकायला हा उत्तम पुनर्वापर वाटतो, पण गोळा उघडणारा माणूस कोण, हा पुलगावचाच प्रश्न तिथेही येतो.

लहान खदानीचं काय?

इथे वऱ्हाडाची गाडी अडते. टँकरची पद्धत परवडते ती शेकडो भोकं एकदम उडवणाऱ्या खाणीला. गिट्टीच्या खदानीत थोडीच भोकं असतात. विहीर खोदताना तर त्याहून कमी, कॉम्प्रेसर लावलेला ट्रॅक्टर येतो, चार-दोन भोकं पाडतो आणि जातो. त्यांच्यासाठी कांडी आणि टोपीच. म्हणजे उद्योगातली जी सगळ्यात चांगली सुधारणा आहे, ती तालुक्याच्या पातळीवर पोचतच नाही.

नियमाने उरलेली कांडी परवानाधारकाच्या गोदामात परत गेली पाहिजे, त्याची नोंद झाली पाहिजे. त्या गोदामाला धंद्यात मॅगझीन म्हणतात. ती शेतातल्या कोठ्यात, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये राहिली तर कचरा आणि गुन्हा दोन्ही. अशी टोपी लहान मुलांच्या हाती लागून बोटं, डोळे गेल्याच्या घटना देशभर घडत आल्या आहेत. तुम्हाला खदानीजवळ किंवा विहिरीच्या मलब्यात दोन वायरी किंवा रंगीत नळी असलेली बारीक धातूची नळी दिसली, तर हात लावू नका, फोटोसाठीही जवळ जाऊ नका. ११२ ला फोन करा.

आणि भोकात गेलेलं सगळंच फुटतं असंही नाही. भोकात पाणी असलं, भरणी नीट झाली नाही, एखादं भोक फुटलंच नाही, तर अमोनियम नायट्रेट दगडात राहतं. ते मिठासारखं पाण्यात विरघळतं आणि पावसासोबत खाली जातं. स्फोटानंतर कधी कधी नारिंगी धुराचा लोट उठतो, त्याचे व्हिडिओही फिरतात. तो रंग नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो आणि त्याचा अर्थ मिश्रण नीट जुळलं नाही किंवा ओलं झालं. तो धूर श्वासात गेला तर त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून तो ‘भारी दिसतोय’ म्हणून पाहत उभं राहायची गोष्ट नाही.

नायट्रेटचा विषय इथे जास्त नाजूक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. त्यापेक्षा जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करतं. याचं खापर खदानींवर फोडणं चुकीचं होईल. मुख्य कारण शेतातलं युरियासारखं खत आणि गावातलं सांडपाणी हेच आहे. पण पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात आधीच गोड पाण्याची मारामार असताना, काठावरच्या खडकातल्या विहिरींत थोडंही भर घालणारं काही असेल तर ते मोजलं गेलं पाहिजे. खदानीच्या खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणं, एवढं काम ग्रामपंचायत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकते.

कारखान्याच्याही आधीचा धूर

स्फोटकाचा कार्बनचा हिशेब काढला तर त्यातला मोठा भाग स्फोटाच्या आधीच झालेला असतो. अमोनियम नायट्रेटसाठी अमोनिया लागतो, तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. मग नायट्रिक आम्ल लागतं, आणि ते बनवताना नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो. सुदैवाने त्याच्यावर तोडगा आहे. चिमणीआधी योग्य उत्प्रेरक बसवला की बहुतांश नायट्रस ऑक्साइड तिथेच नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये मोडतो. महाराष्ट्रात खाणींसाठीचं अमोनियम नायट्रेट बनवणारा मोठा कारखाना रायगड जिल्ह्यात तळोज्याला आहे, दीपक फर्टिलायझर्सचा. म्हणजे खदानीतल्या कांडीचा हिशेब तळोज्यापासून सुरू करावा लागतो.

स्वीडनमधली हायपेक्स बायो ही कंपनी अमोनियम नायट्रेट सोडूनच देते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं इमल्शन वापरते. फुटल्यावर नायट्रेट उरत नाही, नारिंगी धूरही नाही. पण ते लवकर वापरावं लागतं आणि कांडी बनवून महिनोन्‌महिने गोदामात ठेवायचा माल तो नाही. पुन्हा तेच, मोठ्या खाणीच्या कामाचं.

टोप्यांच्या बाबतीत मात्र बदल लहान खदानीपर्यंत आला आहे. ओरिका या ऑस्ट्रेलियन कंपनीने शिसं नसलेले डेटोनेटर बाजारात आणले आहेत. भारतात सरकारने १ एप्रिल २०२५ पासून विजेच्या साध्या डेटोनेटरचं उत्पादन, आयात आणि बाळगणं यावर बंदी घातली. कारण मुख्यतः सुरक्षेचं, कारण हीच टोपी नक्षलवादी आणि अतिरेक्यांच्या हाती सहज लागायची. आता खदानींना इलेक्ट्रॉनिक किंवा नळीचे डेटोनेटर घ्यावे लागतात. इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर महाग आहे, पण प्रत्येक भोक ठरलेल्या मिलिसेकंदाला उडतं. त्यामुळे दगड सारखा फुटतो, मोठे धोंडे पुन्हा फोडायला लागत नाहीत, हादरा कमी बसतो आणि न फुटलेलं भोक आधीच्या तपासणीत कळू शकतं. नळीच्या डेटोनेटरच्या रंगीत प्लास्टिक नळ्या मात्र गिट्टीत मिसळून क्रशरपर्यंत आणि तिथून तुमच्या स्लॅबपर्यंत जातात. घराच्या बांधकामात गिट्टीच्या ढिगात पिवळा-लाल दोरीसारखा तुकडा दिसला असेल, तर तो बहुतेक हाच.

या बंदीत ‘बाळगणं’ हा शब्द आहे. म्हणजे ज्या मॅगझीनमध्ये जुन्या टोप्यांची खोकी उरली असतील, तो सगळा साठा त्या दिवसापासून विकताही येत नाही, वापरताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. तो नियमाने, परवानगी घेऊन, नोंद करून नष्टच करावा लागतो. तालुक्यातल्या मॅगझीनच्या रजिस्टरमध्ये ३१ मार्च २०२५ ला किती टोप्या शिल्लक होत्या आणि त्या नष्ट झाल्याची नोंद कोणत्या तारखेची आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच कळेल.